झीज

नखाएवढं ते मेमरी कार्ड तिनं चिमट्याच्या टोकात उचललं. श्वास रोखून तिनं कार्ड जुन्या फोनच्या कडेच्या फटीत सरकवलं. टक्. एवढ्याशा त्या काळ्या तुकड्यात आता आईला लागणारा सगळा मुलूख होता. डोंगर, नद्या, रस्ते, वेळ पडली तर उतरता येतील अशी मैदानं, आणि शिरायला मनाई असलेले, लाल रेघांनी आखून ठेवलेले आकाशाचे तुकडे. आकाशालाही कुंपणं असतात हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर… तर काय? आईला तिथेच कुठेतरी अडवतील, लवकर परत पाठवतील, एवढी आशा तरी धरता आली असती.

दुकान उघडायला अवकाश होता. श्रवणयंत्रांचं दुकान, टेबलावर लोकांच्या कानांचे साचे ओळीनं मांडलेले, आणि त्या कानांच्या सभेत मधोमध हा फोन — तिचाच, वापरून बाजूला टाकलेला, कोपऱ्यात तडा गेलेला, पण पडदा उन्हात वाचता येतो म्हणून आईच्या पसंतीला उतरलेला. आईचं उडताना वाट दाखवणारं जुनं यंत्र मागच्या आठवड्यात बंद पडलं ते पडलंच. काल फोनवर तिनं बजावलं होतं, “अक्षरं मोठी कर. फुलंपानं काही नकोत. मला तीनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. मी कुठे आहे, घर कुठे आहे, आणि मी पोचते की नाही.”

घर म्हणजे मैदान. आईच्या भाषेत घर हे नेहमीच शहराबाहेरचं ते गवताचं मैदान असायचं, जिथून ग्लायडर उडतात. आम्ही सगळे राहायचो ते नुसतं ‘खाली’. खाली दूध संपलंय. खाली पाहुणे येणार आहेत. बाबा ह्यावर हसायचे, म्हणायचे, तुझी आई उंटावरून नाही, थेट ढगातून शेळ्या हाकते. आणि आपण दोघं त्या शेळ्या, हे ते कधी बोलले नाहीत, पण ती तसंच समजायची — अजूनही समजते.

फोनमधल्या सॉफ्टवेअरनं आधी विचारलं, खरं उडायचं की नुसता सराव. मग ग्लायडरची जात विचारली. लांबलचक यादीतून तिनं आईचं शोधून काढलं. ग्लायडरला इंजिन नसतं. दुसरं विमान दोरीनं ओढून त्याला वर नेऊन सोडतं, आणि त्यानंतर गाठीला असलेली उंची हीच काय ती पुंजी. वर चढणारी ऊबदार हवा सापडली तर ती वाढते, नाही सापडली तर सरत जाते. ह्या सॉफ्टवेअरचं काम एवढंच — वारा बघायचा, उंची बघायची, हे ग्लायडर किती वेगानं खाली बसत जातं ते बघायचं, आणि सांगायचं की घरावर पोचशील तेव्हा हातात किती उंची उरेल. पुरणार असेल तर आकडा हिरवा. कमी पडणार असेल तर लाल.

सुरक्षिततेच्या पानावर तिनं पोचतानाची राखीव उंची घातली, दोनशे मीटर. (“दोनशे म्हणजे दोनशे. बाबांसारखं वरून चिमूटभर मीठ नको.”) आणि त्याच्याच खाली, आईनं ज्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं असा एक चौकोन होता. विमानाची झीज. शेजारी बारीक अक्षरांत खुलासा: विमान जुनं असेल, पंखांचा गुळगुळीतपणा गेला असेल, तर ते लवकर खाली बसतं, किती टक्के ते इथे लिहा, सगळे हिशेब त्या बेतानं होतील. चौकोनात शून्य होतं.

शून्य… आईनं मागच्या महिन्यात चहा ओतला तो कपाच्या बाहेर. थोडा नाही — किटलीची धार कपाच्या बोटभर पलीकडे सरळ टेबलावर, आणि आई शांतपणे ओततच होती, कप भरतोय अशा थाटात, आणि बाबा आणि ती दोघंही बघत होते आणि दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. मग चहा आईच्या मांडीवर आला. “कप कुणी हलवला?” ती म्हणाली. कुणीच हलवला नव्हता. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. दोन डोळ्यांचं जमेपर्यंत अंदाज चुकतात, असं डॉक्टर म्हणाले, आणि तपासून उडायला परवानगीही दिली. कागद खरा. पण टेबलावरून टपटपणारा चहाही खराच होता.

तिनं शून्य पुसलं. वीस लिहिलं.

केवढं सोपं. ‘जतन करा’ वर बोट ठेवलं आणि फोन खिशात टाकला. आता आईला घर जितकं लांब आहे त्याहून लांब वाटेल. ती लवकर मागे फिरेल, उंच राहील, फार दूर जाणार नाही — आणि दोनशे तर दोनशेच राहिले, आईचा शब्द कुठे मोडला? मी काय वाईट केलं? रोज हेच तर करते. नवं श्रवणयंत्र पहिल्या दिवशी पुऱ्या ताकदीनं कुणाच्या कानात घालत नाही. आवाज दोन पायऱ्या उतरवून ठेवते, माणसाला सांगत नाही, हळूहळू वाढवते, त्याला वाटतं आपल्यालाच सवय झाली. ह्याला फसवणूक कोण म्हणेल? आमच्या धंद्यात ह्याला काळजी म्हणतात.

सकाळी आलेल्या पहिल्या बाई निवृत्त परिचारिका होत्या. यंत्र कानात बसताच त्यांनी टेबलावरच्या वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि दचकून हात मागे घेतला. “पान एवढं वाजतं?” मग पुन्हा उलटलं, पुन्हा, आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिल्या. “इतकी वर्षं घरातले सगळे हळू बोलायला लागलेत असं वाटायचं हो मला. भांडायचे मी त्यांच्याशी.” तिनं त्यांचा हात थोपटला. एरवी अशा वेळी तिला बरं वाटायचं. आज खिशातला फोन मांडीला टोचत होता.

दुपारी ती मैदानावर पोचली तेव्हा आई ग्लायडरच्या पंखावर ओलं फडकं फिरवत होती. डोक्यावर ती चपटी पांढरी टोपी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मैदानावर तिला सगळे घार म्हणतात; नवं कुणी आलं की घारीवरची ती म्हण हमखास निघते, आकाशात हिंडणारीची आणि तिच्या पिल्लांची, मग सगळे पिल्लाकडे बघून हसतात, आणि पिल्लू, आता चाळिशीला टेकलेलं, तेही हसतं. पण चित्त पिल्लापाशी असतं हे कुणी ठरवलं? पिल्लाला विचारलं होतं का? रविवारची ती सगळी दुपार, मान मोडेपर्यंत वर बघत राहायचं, त्या निळ्यात एक पांढरी रेघ, मग तीही नाही… आणि संध्याकाळी आई उतरायची, गाल लाल, अंगाला उन्हाचा वास, आणि आधी तिथल्या माणसांशी बोलायची — हवा काय होती, काय होती हवा आज! — आणि मग कधीतरी वळून, “जेवलीस का गं?” जेवणाची वेळ उलटून किती वेळ झालेला असायचा. बाबांचे गुडघे गेल्यापासून ग्लायडर वाहून आणायच्या ट्रेलरची गाडी चालवायला ती आपणहून येऊ लागली, तेही प्रेमानं की त्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवायला, हे तिचं तिलाच कधी नक्की कळलं नव्हतं.

आईनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. पानं उलटली. राखीव उंचीचं पान आलं. झिजेचा चौकोन तिथेच होता, बोटभर खाली, बारीक अक्षरांत. आईनं मोठा आकडा वाचला. “दोनशे. शाबास.” आणि पान बदललं.

“अक्षरं पुरेशी मोठी आहेत ना?”

“बसच्या पाटीएवढी आहेत.” आई हसली, मग आवाज थोडा उतरवून म्हणाली, “बरं झालं तू हे लावून दिलंस. हल्ली दिसतं सगळं, पण दिसलेल्यावर भरवसा ठेवायचा की नाही ते कळत नाही. बाबांना सांगू नकोस. उगाच देव पाण्यात घालून बसतील.”

हेच ते. हाच क्षण होता, सांगायचा. आई, थांब, त्यात एक आकडा आहे… पण आई ग्लायडरच्या बैठकीत उतरली होती, पट्टे आवळत होती, आणि क्लबचा सेक्रेटरी तिकडून ओरडत होता, “घारताई, दोर लावू का?” आणि आईनं अंगठा वर केला. पंख जमिनीला टेकू नये म्हणून त्याचं टोक धरून मुलगी चार पावलं पळाली, सवयीनं, आणि मग टोक हातातून निसटलं.

मग वाट बघणं. ह्या कामात ती पारंगत होती. झाडाखालच्या बाकावर बसून तिनं ढग बघितले. चांगले होते, तळ सपाट, कापसाच्या गाद्यांसारखे. आज मन नेहमीपेक्षा निवांत असायला हवं होतं — आज तर तिनंच आईला त्या आकड्याची दोरी बांधून पाठवलं होतं — पण निवांतपणा काही येईना. उलट एक विचार गांधीलमाशीसारखा पुन्हा पुन्हा येत राहिला, की काळजी होती तर मग तोंडावर का नाही बोललीस? चहा सांडला त्या दिवशी का नाही बोललीस? कारण आई हसली असती. कारण आईनं ‘बरं’ म्हटलं असतं आणि उडाली असती. कारण आई आपलं ऐकेल असं मला कधी वाटलंच नव्हतं, आणि आकडे मात्र ती ऐकते…

फोन वाजला. आईचा.

“मी खाली आहे,” आई म्हणाली. “घाबरू नकोस, धडधाकट आहे. विमानही. शेतात उतरले. ट्रेलर घेऊन ये.”

“लागलं का कुठे?”

“म्हटलं ना धडधाकट. वीटभट्टीच्या मागे, कापणी झालेलं शेत आहे. चिमणी लांबून दिसेल.”

तासाभराच्या आत ती तिथे होती. शेत आखूड होतं. एका अंगाला विजेच्या तारा, दुसऱ्या अंगाला दगडी बांध, आणि ग्लायडरचं नाक त्या बांधापासून इतकं जवळ की मध्ये एखादी गाय आडवी उभी राहिली असती तर तिची शेपूट घासली असती. तिनं ते अंतर डोळ्यांनी मोजलं. घरच्या मैदानावर असा बांध नाही, तारा नाहीत. घरचं मैदान केवढं ऐसपैस.

आई पंखाच्या सावलीत बसली होती. शेताचा मालक हाताची घडी घालून उभा होता, बहुधा एखादी गोष्ट ऐकायला मिळेल ह्या आशेनं. एरवी आई अशा वेळी फुलायची, मालकाला बैठकीत बसवायची, त्याच्या घरच्यांची चौकशी करायची. आज नुसते आभार मानून पंख उतरवायला उठली. दोघींनी पंख उतरवले. आई पंखाच्या बुंध्याशी, ती टोकाशी. आईनं “हळू” म्हणायचं आणि तिनं चालायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आज आई “हळू” म्हणायचंही विसरली आणि पंख ट्रेलरच्या दारावर आपटता आपटता राहिला.

गाडी रस्त्याला लागली. मग, वीटभट्टीचा धूर मागे पडल्यावर, आई समोर बघतच म्हणाली, “परत येत होते. उंची भरपूर आहे असं वाटत होतं. घर दिसत होतं गं, काचेत जिथे दिसायला हवं अगदी तिथे दिसत होतं. आणि हे म्हणत होतं लाल.”

तिनं गिअर बदलला.

“आयुष्यभर नजरेनं उतरले मी. तुझ्या यंत्राचा जन्म व्हायच्या आधीपासून. पूर्वी असतं तर म्हटलं असतं, बस बोंबलत, आणि गेले असते सरळ. पण मनात आलं, चहा सांडला त्या दिवशीही मला कप तिथेच दिसत होता.” आईनं टोपी काढून मांडीवर ठेवली. “म्हणून वळले. बाजूला एक ढग बरा दिसत होता, म्हटलं तिथे थोडी उंची मिळवू आणि मग जाऊ. तिथे नुसती उतरती हवा. होतं तेही गेलं. मग शेत शोधणं आलं.” थोडं थांबून म्हणाली, “तारा मला उशिरा दिसल्या.”

तारा मला उशिरा दिसल्या. हे वाक्य आईनं इतक्या सपाट आवाजात म्हटलं की ते आधी नुसतंच कानावरून गेलं, आणि मग परत आलं, आणि मग गाडीत दुसरं काहीच उरलं नाही.

“बाबांना म्हणावं, सुटलात,” आई म्हणाली. “सेक्रेटरीशी उद्या बोलते. नजर गेली की हे सोडायचं, हे मी कितीजणांना तोंडावर सांगितलंय. आता स्वतःच्या वेळेला काय नाटकं करायची?”

घरच्या मैदानावर ती आरामात पोचली असती. हिशेब करायचीही गरज नव्हती. तिला दिसत होतं ते बरोबर होतं. आकडा मी वाढवला होता. केवढंसं वाक्य — आकडा मी वाढवला होता, आई — जिभेवर आणून बघितलं, वजन काहीच नाही, त्या मेमरी कार्डाएवढंच… आणि म्हटलं तर आई भडकेल, वाट्टेल ते बोलेल, महिनाभर बोलणार नाही, आणि पुढच्या रविवारी उडेल. न म्हटलं तर उद्यापासून आई खाली असेल. सगळे रविवार. व्हरांड्यात खुर्ची टाकून, हातात काहीतरी निवडायला घेऊन, आणि वर घार दिसली तरी मान उचलणार नाही, कारण ती घारच आहे की नाही ह्याची खात्री नसेल. हेच हवं होतं ना तुला? ती रस्त्याकडे बघत होती, आणि तिला स्वच्छ दिसत होतं की हो, हेच हवं होतं. आईचा जीव वाचावा हे तर होतंच, पण त्याच्या खाली, बोटभर खाली, बारीक अक्षरांत, हेही होतं. आणि त्यापायी आज आई त्या तारांना… तिनं गाडीचा वेग कमी केला. उगाचच. रस्ता चांगला होता.

हमरस्त्याचा फाटा आला. इथून उजवीकडे वळायचं, मागे एवढा लांब ट्रेलर, आणि डावीकडचं शेजारी बसलेल्यानं बघून सांगायचं, नाहीतर चालवणाऱ्याला काही दिसत नाही. हे काम कायम आईचं. प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं, ‘मोकळं, जा!’ — इतक्या तोऱ्यात की समोरून रणगाडा येत असता तरी तोच थांबला असता.

“डावीकडे मोकळं आहे?” तिनं विचारलं.

आईनं काच खाली केली. मान बाहेर काढून बघितलं. आत घेतली, पुन्हा बाहेर काढली.

“मोकळं दिसतंय,” ती म्हणाली, आणि मग, जवळजवळ ऐकू येणार नाही असं, “तूच बघ गं एकदा.”

ती आईच्या अंगावरून पुढे वाकली. आईच्या केसांना गवताचा वास येत होता. रस्ता दूरपर्यंत रिकामा होता, टोकाशी ऊन थरथरत होतं, बाकी काही नाही, एक सायकलसुद्धा नाही. आईनं आपल्याकडे वळून विचारावं, आपण सांगावं आणि तिनं ते ऐकावं, ह्याच्यासाठी लहानपणी किती दुपारी मान वर करून… आणि आता ती अशी शेजारी बसली होती, अंग चोरून, सीटच्या अर्ध्याच भागावर, आणि वाट बघत होती.

“मोकळं आहे,” ती म्हणाली. सरळ बसली. हात स्टीअरिंगवर ठेवले. “तुला बरोबर दिसलं होतं, आई.”

वाक्य बाहेर पडल्यावर तिला कळलं की ते रस्त्यापेक्षा मोठं निघालं. आई हळूहळू तिच्याकडे वळली. मागून कुणीतरी हॉर्न दिला, पुन्हा दिला, पण ब्रेकवरचा तिचा पाय उठेना. आई बघत होती, एका नव्या आणि एका जुन्या डोळ्यानं, आणि इतक्या वर्षांची ती वर बघत बसण्याची भीती आत कुठेतरी कूस बदलत होती. आता आई काय विचारेल ह्याची ती भीती होती, आणि तिनं काहीच विचारलं नाही तर, ह्याची त्याहून जास्त.